दुष्काळ, सारा आणि महाडचे शिवरामपंत

शि. म. परांजपे म्हटलं की १८९८ चं ‘काळ’ पत्र आठवतं. आपल्या कापड्याजवळच्या महाडात १८६४ साली जन्मलेल्या शिवरामपंतांचं त्याआधीचं कामही बघायला हवं. १८९६ च्या दुष्काळात टिळकांच्या पुढाकाराने पुण्याच्या सार्वजनिक सभेने ठाणे-कुलाब्यात कार्यकर्ते पाठवले. बत्तीस वर्षांचे परांजपे सभेच्या या कामात होते. सांगणं साधंच: पीक बुडालं तर सरकारच्याच नियमांप्रमाणे साऱ्यात सूट किंवा तहकुबी मागा, गुरं विकून सारा भरू नका. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यताच काढली.

का? भूक फक्त पावसाने येत नाही. बैल विकलेल्या घरात ती पुढच्या वर्षीही राहते. म्हणून दुष्काळावर काम करणार असाल, तर पावसाच्या आकड्यांशेजारी महसुलाचे कागदही ठेवा.