'ग्लॉस' : भाष्य की मुलामा?

'ग्लॉस' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ अवघड शब्दाचा खुलासा समासात वा दोन ओळींमध्ये लिहिणे. मूळ ग्रीक 'ग्लोस्सा', म्हणजे जीभ, भाषा. लॅटिनमध्ये तो आधी खुलासा लागणारा शब्द झाला, मग खुलासाच. चकाकी या अर्थाचा 'ग्लॉस' वेगळ्या कुळातला. पण इंग्रजीत दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले. म्हणूनच 'ग्लॉस ओव्हर' म्हणजे दोषावर मुलामा चढवून तो झाकणे.

अर्थ सांगणे आणि अर्थ झाकणे यांतला हा फरक आपल्या चळवळीला नवा नाही. शास्त्रांचा खरा अर्थ निराळाच आहे, असे सांगणारे सुधारक थोडे नव्हते. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी ही पळवाट बंद केली. व्याकरणाने कोणता अर्थ निघतो हा प्रश्नच नाही. लोकांनी शास्त्रे कशी समजून घेतली, हा प्रश्न आहे, असे त्यांनी बजावले. गांधींनी त्याच वर्षी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली. १९३७ च्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधींचे लेखन छापून त्याला उत्तर दिले.

भाष्याची कसोटी हीच होय. मूळ मजकूर वाचकापुढे उघडा ठेवते ते भाष्य. झाकतो तो मुलामा.