वरचं बीपी १६०, खालचं ७०: धमन्या कडक झाल्या की हृदयाच्या पंपिंगचं काय होतं?

साठी ओलांडलेल्या अनेकांच्या बीपीच्या नोंदीत अशी जोडी दिसते: वरचं १६०, खालचं ७०. ‘वयात शंभर मिळवा, तेवढं वरचं बीपी चालतं’ हा जुना हिशेब सांगून ती सोडून दिली जाते. खालचं तर छानच आहे, असंही वाटतं. प्रत्यक्षात या दोन आकड्यांतलं वाढलेलं अंतर मोठ्या धमन्या कडक झाल्याची खूण असू शकतं.

हृदयाचा डावा कप्पा आकुंचन पावला की रक्त महाधमनीत उसळतं. लवचीक महाधमनी तेव्हा फुगते, त्यातलं बरंचसं रक्त क्षणभर सामावून घेते आणि हृदय सैल पडलं की आवळून पुढे ढकलते. म्हणूनच हृदय थांबून थांबून रक्त सोडत असलं, तरी अवयवांना ते अखंड मिळतं. इंग्लंडमधले पाद्री स्टीफन हेल्स यांनी १७३३ सालच्या ग्रंथात याची तुलना आगीच्या बंबातल्या हवेच्या कप्प्याशी केली होती. दट्ट्या थांबला तरी त्या कप्प्यातली दाबलेली हवा पाण्याची धार तुटू देत नसे. (घोड्याच्या धमनीत नळी घालून रक्तदाब मोजणारे ते हेच.)

ही लवचीकता इलॅस्टिन या प्रथिनाच्या तंतूंमुळे असते. ते बहुतांशी जन्माआधी आणि बालपणातच तयार होतात, नंतर जवळपास नाहीच. दिवसाला सुमारे एक लाख ठोके झेलून ते झिजतात, तुटतात आणि ताठर कोलॅजनचं प्रमाण वाढतं. वाढलेलं बीपी, मधुमेह, किडनीचे विकार आणि धूम्रपान हे सगळं लवकर घडवतात. ‘ब्लॉकेज’ ही वेगळी गोष्ट आहे. त्यात नळीची वाट अरुंद होते, इथे नळीची भिंतच कडक होते. त्यामुळे अँजिओग्राफी साफ आली म्हणून महाधमनी लवचीक आहे, असं म्हणता येत नाही.

हृदयाची दोन्हीकडून कोंडी

कडक महाधमनी फुगत नाही, म्हणून प्रत्येक ठोक्याला वरचा दाब उसळतो. नाडीची लाटही वेगानं धावते: तरुणपणी सेकंदाला साधारण ५-६ मीटर, कडक धमन्यांत १० मीटरहून जास्त. पुढच्या फाट्यांवरून ही लाट परतते, ती हृदय अजून रक्त ढकलत असतानाच. म्हणजे हृदयाला तिच्याविरुद्धही जोर लावावा लागतो.

दुसरीकडे, साठवून ठेवलेलं रक्त कमी असल्यानं दोन ठोक्यांमधला दाब घसरतो. तेच ते ‘छान’ वाटणारं खालचं बीपी. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला मुख्यतः याच विसाव्याच्या वेळेत रक्त मिळतं. काम वाढलं आणि ते रक्त पोचवणारा दाब घटला, असा हा प्रकार.

वर्षानुवर्षं हे चाललं की डाव्या कप्प्याची भिंत जाड होते आणि नीट सैल पडत नाही. कप्पा भरायला जास्त दाब लागतो, तो दाब मागे फुफ्फुसांपर्यंत जातो आणि जिना चढताना धाप लागते. टू-डी इकोत मात्र ‘पंपिंग ६० टक्के’ असं येतं आणि घरचे निर्धास्त होतात. हा आकडा कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती बाहेर पडलं एवढंच सांगतो. तो किती भरला, किती दाबाखाली भरला, हे सांगत नाही. हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या रुग्णांत हा आकडा नॉर्मल किंवा नॉर्मलच्या आसपास असतो.

मग उपाय?

तुटलेलं इलॅस्टिन पुन्हा जोडणारं औषध आज नाही. पण वरचं बीपी उतरवल्यानं फरक पडतो, आणि तो मोठा आहे. अमेरिकेत साठीपुढच्या ४,७३६ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ साली आले. सगळ्यांचं वरचं बीपी १६० किंवा जास्त, खालचं ९० च्या आत. एका स्वस्त, लघवी वाढवणाऱ्या गोळीपासून सुरू केलेल्या उपचारानं पक्षाघात सुमारे एक तृतीयांशानं आणि हार्ट फेल्युअर जवळपास निम्म्यानं कमी झालं. ‘वय अधिक शंभर’ तिथेच निकालात निघालं.

मीठ कमी करणं, रोज चालणं, तंबाखू सोडणं यांचाही उपयोग होतो. गोळ्यांचा डोस मात्र डॉक्टरांनीच ठरवायचा, कारण खालचं बीपी फार घसरलं की उभं राहताना चक्कर येऊ शकते. धाप लागत असेल, तर इकोच्या रिपोर्टमध्ये ‘डायस्टॉलिक डिसफंक्शन’ची ओळ आहे का, हे त्यांना जरूर विचारावं.