हद्दीपलीकडचे कंदीलपुष्प

जालना जिल्ह्याच्या उत्तर टोकाला अजिंठ्याच्या डोंगररांगा आहेत. पावसाळ्यात अशा डोंगरउतारांवर, दगडांच्या ओलसर फटींत उगवणाऱ्या एखाद्या फुलाची ओळख कशी पटवायची? या प्रश्नाचे उत्तर शोधताना वनस्पतिशास्त्राइतकीच राज्यांच्या सीमांचीही दखल घ्यावी लागते.

थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. खानदेश इलाख्यात होता, तर जालना निजामाच्या राज्यात. त्यामुळे डोंगरापलीकडचा प्रदेश ग्रंथात आला आणि अलीकडचा बाहेर राहिला. पुढे १९४८ साली निजामाची सत्ता संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९८१ साली जालना स्वतंत्र जिल्हा झाला. मराठवाड्याच्या वनस्पतींचा सविस्तर ग्रंथ मात्र वि. ना. नाईक आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली सिद्ध केला. कुक यांच्या ग्रंथानंतर तब्बल नव्वद वर्षांनी!

नोंद झाली म्हणजे ओळख पटली, असेही नाही. देशाच्या मोठ्या भागात आढळणाऱ्या सेरोपेजिया बल्बोसा या कंदीलपुष्पाचेच पाहा. विल्यम रॉक्सबर्ग यांनी १७९५ साली कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या ग्रंथात या वेलीचे वर्णन केले. रुंद पानांची ती बल्बोसा आणि अरुंद, टोकदार पानांची ती ॲक्युमिनाटा, अशा दोन जाती त्यांनी मानल्या. पुढे अरुंद पानांच्या रूपाला दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख डॉ. लश यांच्या नावावरून आणखी एक नाव मिळाले. नंतरच्या अभ्यासकांनी ही सारी रूपे एकाच जातीची मानली.

चकवा पानांचा होता. जातीची खरी खूण फुलात आहे. फुलाची नळी बुडाशी फुगीर असते. पाकळ्यांची टोके वर एकत्र जुळून कंदिलाचा आकार होतो. आत शिरलेली माशी नळीतल्या खाली वळलेल्या केसांमुळे अडकते. केस कोमेजले, की ती परागपुंज घेऊन सुटते आणि दुसऱ्या फुलात शिरते. पावसाळ्यानंतर वेल वाळते, पण जमिनीखालचा कंद जिवंत राहतो. पुढच्या पावसात तोच पुन्हा फुटतो. म्हणूनच ही वेल बहुवर्षायू आहे.

हा कंद खाल्लाही जातो. तो खणून काढला, की त्या जागची वेल कायमची जाते. ज्या प्रदेशाची नोंदच उशिरा झाली, तिथे पूर्वी काय होते आणि त्यातले काय गेले, याचा हिशेब कोण देणार? म्हणून डोंगरावर असे फूल दिसले, तर कंदाला हात लावू नये. पान, फूल आणि फुलाचा आतला भाग यांची छायाचित्रे घ्यावीत. गाव, तारीख आणि जागा लिहून ठेवावी. जुन्या ग्रंथाची हद्द जिथे थांबली, तिथून पुढची पाने अशा नोंदींनीच भरायची आहेत.