घोस्टची फ्लॉपी

पुण्यातल्या एका गेमिंग कॅफेत मी मशीन सांभाळायचो, तेव्हा आमची खरी दौलत म्हणजे फ्लॉपीत मावणारा, हार्ड डिस्कची हुबेहूब नक्कल काढणारा ‘घोस्ट’ हा प्रोग्राम. न्यूझीलंडच्या मरे हॅझर्डने तो लिहिला. 1998 मध्ये सिमँटेकने विकत घेतल्यावर त्याला नॉर्टनचं नाव लागलं.

एका मशीनवर विंडोज, ड्रायव्हर, काउंटर-स्ट्राइक, एज ऑफ एम्पायर्स असं सगळं निगुतीनं बसवायचं. मग कव्हर उघडून रिकामी हार्ड डिस्क त्याच चपट्या केबलला जोडायची, जम्पर मास्टर-स्लेव्हवर लावायचे, डॉसमधून घोस्ट सुरू करायचा. इथे हात सावकाश चालवावा. मूळ कोणती आणि नक्कल कोणती हे उलटं निवडलं, की रिकामेपणाचीच प्रत निघते! जुळी मशीनं नेटवर्कवर आली की एकाच नावाचे दोघे म्हणून विंडोज कुरकुर करी. प्रत्येकाचं बारसं वेगळं करावं लागे. लायसन्सचा विषय मात्र अनेक कॅफेवाले सोयीनं टाळत, हेही लिहायला हवं.

पुढे यूएसबी डिस्क आल्या, स्क्रू ड्रायव्हर कपाटात गेला. कन्सोलवरही ही सोय आली: गेम साठवायला बाहेरची डिस्क एक्सबॉक्स वनला 2014 मध्ये चालू लागली, प्लेस्टेशन 4 ला 2017 मध्ये. दोन्हीकडे यूएसबी 3.0 हवंच. कन्सोल ती आपल्या पद्धतीनं फॉरमॅट करतो, जुनं सगळं पुसून. एक्सबॉक्सची डिस्क मित्राकडे नेता येते, पण गेम चालायला आपलं खातं किंवा मूळ चकती लागतेच.