गायन पार्टीच्या साऊंडसाठी स्पीकर मॅनेजमेंट : निवड आणि सेटिंग

भीमगीतांच्या कार्यक्रमात शब्दाला पहिला मान असतो. मंडपाच्या शेवटच्या रांगेतल्या आजीला गाण्यातले शब्द कळले नाहीत, तर प्रबोधनाचा हेतूच मागे पडतो. काही गायन पार्ट्या आता भाड्याच्या साऊंडवर न विसंबता पै पै जमवून स्वतःचे टॉप, बेस आणि अँप्लिफायर घेतात. मात्र मिक्सर आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये लागणारी छोटी पेटी, म्हणजे स्पीकर मॅनेजमेंट प्रोसेसर, बहुतेक वेळा ‘नंतर बघू’ म्हणून राहून जाते. मग ऐन जयंतीच्या हंगामात एखाद्या हॉर्नचा डायफ्रॅम जळतो आणि त्या रात्रीचे मानधन दुरुस्तीत जाते. म्हणून या पेटीची माहिती येथे देत आहोत.

मिक्सरमधून आलेला आवाज ही पेटी चार प्रकारे हाताळते. खालचे सूर बेसला आणि वरचे टॉपला वाटून देते (क्रॉसओव्हर), प्रत्येक वाटेवरचा सूर दुरुस्त करते (इक्यू), पेट्या मागेपुढे असल्या तर वेळ जुळवते (डिले) आणि मर्यादेपलीकडे सिग्नल जाऊ देत नाही (लिमिटर).

खरेदीआधी आपल्याकडे काय आहे ते पाहावे. अँप आतच असलेल्या पॉवर्ड स्पीकरमध्ये स्वतःचा प्रोसेसर बहुधा असतोच. दोन टॉप आणि एक बेस असा पॉवर्ड संच असेल तर आमच्या मते वेगळ्या पेटीवर खर्च करू नये. काही अँप्लिफायरमध्येही क्रॉसओव्हर आणि लिमिटर असतात. अशा वेळी एकाच ठिकाणचे सेटिंग चालू ठेवावे. दोन्हीकडे क्रॉसओव्हर लावला की मधला भाग दोनदा कापला जातो आणि गाणाऱ्याचा आवाज पोकळ वाटतो.

साधे स्पीकर आणि वेगळे अँप्लिफायर असतील तर दोन इनपुट आणि सहा आउटपुटची पेटी पार्टीला पुरते. डीबीएक्सची ड्राइव्हरॅक पीए२ तशीच आहे. स्पीकर आणि अँप कोणते हे विचारत ती सुरुवातीचे सेटिंग लावून देते, त्यामुळे नवशिक्याला सोपी जाते. टॅब्लेटवरून चालवायची असेल तर सोबत वेगळा राउटर लागतो. बेहरिंगरच्या डीसीएक्स२४९६ मध्ये तीन इनपुट, सहा आउटपुट आहेत. तिच्यात करता येण्यासारखे पुष्कळ आहे, पण छोट्या पडद्यावर बटणे दाबत बसावे लागते. जुनी पेटी घेताना सहाही आउटपुट एकेक लावून ऐकावेत.

सेटिंगची सुरुवात क्रॉसओव्हरपासून करावी. १५ इंची टॉप आणि १८ इंची बेस असतील तर दोघांची हद्द १०० हर्ट्झच्या आसपास, लिंकविट्झ-रायली २४ डेसिबल या प्रकारात ठेवावी. बेसला खालूनही कुंपण हवे. पोर्ट असलेली बेसची पेटी ४० हर्ट्झला ट्यून केलेली असेल, तर त्याखाली कोनला हवेचा आधार राहत नाही. आवाज वाढत नाही, कोन मात्र जोरजोरात हेलकावतो आणि स्पीकर फाटतो. म्हणून तेथे ३५ ते ४० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर लावावाच.

आवाजाला एक मीटर जायला सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात. बेस स्टेजखाली पुढे आणि टॉप १.७ मीटर मागे असले, तर १०० हर्ट्झला दोघे एकमेकांचा आवाज खाऊन टाकतात आणि ऑक्टोपॅडचा किक समोरच्या माणसाला पोचतच नाही. बेसला सुमारे ५ मिलिसेकंद डिले दिला की जुळते. खात्री करायची तर १०० हर्ट्झचा टोन लावावा, बेसची पोलॅरिटी उलटी करावी आणि आवाज सर्वांत कमी होईल असा डिले शोधावा. मग पोलॅरिटी सरळ केली की तेथेच आवाज सर्वांत भरीव येतो. मोठ्या मैदानात ३० मीटरवर दुसरी जोडी लावली असेल तर तिला ८७ मिलिसेकंद आणि वर १० ते १५ द्यावेत. आवाज स्टेजवरूनच येतो असे वाटते.

आता लिमिटर. आमच्या दृष्टीने पेटीचे पैसे येथेच वसूल होतात. स्पीकर ५०० वॉट, ८ ओहमचा आहे असे धरू. ५०० ला ८ ने गुणून वर्गमूळ काढले की ६३ व्होल्ट येतात. स्पीकर सतत झेलू शकेल तो हा दाब. अँप्लिफायरचा गेन ३२ डेसिबल, म्हणजे ४० पट असेल, तर आत १.५८ व्होल्ट गेले की बाहेर ६३ निघतात. ० डीबीयू म्हणजे ०.७७५ व्होल्ट, त्या हिशेबाने हा आकडा सुमारे +६ डीबीयू होतो. आम्ही तो ३ डेसिबलने खाली, म्हणजे +३ वर ठेवायला सांगतो. शक्ती निम्मी होते, पण श्रोत्याला फरक जेमतेम कळतो आणि माईक हातातून पडला तरी स्पीकर वाचण्याची शक्यता वाढते. एका चॅनलवर असेच दोन स्पीकर समांतर जोडले तरी व्होल्टचा हिशेब तोच. अँप्लिफायरच त्याआधी क्लिप होत असेल तर लिमिटर त्याच्या क्लिपच्या खाली आणावा. वॉट पाहताना ‘पीक’ हा फुगवलेला आकडा धरू नये. काही पेट्यांत लिमिटरचे माप डीबीयूमध्ये नसते, ते मॅन्युअलमध्ये तपासावे.

हा हिशेब अँप्लिफायरचे नॉब पूर्ण उघडे असताना खरा असतो. नॉब कमी ठेवून लिमिटर लावला आणि कुणी ऐन कार्यक्रमात ते फिरवले, तर संरक्षण संपले.

इक्यू करताना पिंक नॉइज लावून तीन-चार जागी ऐकावे. टोचणारे सूर कापावेत. खड्डे भरण्यासाठी वाढवत बसू नये. शब्दांची स्पष्टता बरीचशी १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असते, तो भाग उगाच दाबू नये. शिट्टी रोखणारी स्वयंचलित सोय चालू ठेवण्याचा मोह होतो. पण हार्मोनियमचा लांब सूर किंवा गायकाचा आलाप तिला शिट्टीच वाटू शकतो आणि ती तोच सूर कापते. कार्यक्रमापूर्वी माईक उघडे ठेवून हळूहळू आवाज वाढवावा, शिट्टी येणारे सूर पकडावेत आणि तेवढेच फिल्टर कायम करावेत.

लिमिटर स्पीकर वाचवतो, पोलिसांची नोटीस वाचवत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या सीमेवर त्या भागाच्या मर्यादेहून १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतील कमी असेल ते चालते. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. सणसमारंभांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. आपली तारीख त्यात आहे का हे आयोजकांकडून आधीच लेखी घ्यावे. साऊंड मीटर जवळ ठेवावा.

सेटिंग झाल्यावर ते पेटीत सेव्ह करून लॉक करावे आणि अँप्लिफायरच्या नॉबवर चिकटपट्टी लावावी. चालू करताना आधी मिक्सर, मग प्रोसेसर, शेवटी अँप्लिफायर. बंद करताना याच्या उलट. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर लाइट गेल्यावर अँप्लिफायरची बटणे लगेच बंद करावीत आणि वीज आल्यावर पुन्हा याच क्रमाने सुरू करावीत.