“किती सुटलीस गं!” : फोनवरचं बोलणं आणि त्यामागचा इतिहास

आजच्या गप्पांची सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

गेल्या वर्षी आमच्या काटेवाडीच्या बचत गटाची बैठक चालू होती. हप्ते जमा झाले, वहीत सह्या झाल्या आणि तेवढ्यात एका ताईंच्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला. लेक लग्नानंतर जर्मनीला गेलेली. ताईंनी कौतुकानं फोन सगळ्यांसमोर धरला. आम्ही बाराजणी वाकून बघायला लागलो. पहिलं वाक्य आलं, “बया, किती सुटलीस गं!” दुसरी म्हणाली, “तिकडं नुसतं लोणी खातीस काय?” सगळ्या हसल्या. पोरगीही हसली. दोन मिनिटांत “नेटवर्क जातंय” म्हणून तिनं फोन ठेवला.

त्यानंतर चार महिने आईला लेकीचं तोंड दिसलं नाही. फोन यायचा, पण नुसता आवाजाचा. नेटवर्क नाही, कॅमेरा बिघडलाय, आत्ता बाहेर आहे, अशी रोज नवी सबब. शेवटी आषाढात पालखी गावात आली, मेंढ्यांचं रिंगण बघून ताई घरी परतल्या, त्या रात्री लेक आईजवळ मोकळी झाली. तिला संधिवाताचा त्रास सुरू झाला होता. तिकडच्या डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या आणि त्यांनी तोंड सुजलं होतं, वजन वाढलं होतं. आई काळजी करेल म्हणून तिनं दुखणं लपवलं होतं. आम्ही बाराजणी हसलो ते तिच्या आजाराला.

आमच्या मनात वाईट काही नव्हतं. मग हे वाक्य तोंडात आलं कुठून? आम्ही बी.ए.ला इतिहास घेतला होता, म्हणून जुन्या गोष्टी आठवायला लागलो.

आपला हा बारामती-इंदापूरचा भाग पर्जन्यछायेतला. आज उसाच्या ट्रॉल्या भवानीनगरच्या कारखान्याकडं जाताना दिसतात, पण नीरेचा डावा कालवा आला तो 1885च्या सुमाराला. त्याच्या आधी, 1876-77 सालच्या दुष्काळात, इंदापूरकडची माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. तेव्हा सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत, असं ठरवलं. दिवसभर दगड फोडणाऱ्याला एवढ्यावर जगायचं होतं. मजुरांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं सरकारला निषेधाचे अर्ज लिहिले. नंतरचा 1972चा दुष्काळ तर आमच्या गटातल्या आजींनी अंगावर काढलेला. सुकडी, अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो आणि पाझर तलावाचं काम, हे शब्द अजून त्यांच्या बोलण्यात येतात.

अशा मुलखात “अंगानं भरलीस” हे कौतुकच असणार. “खात्यापित्या घरची” म्हणजे सुखात पडलेली. माहेरी आलेली लेक वाळलेली दिसली की आईच्या पोटात गोळा यायचा, बाळसं धरून आली की जीव भांड्यात पडायचा. पुढं 1975 साली अंगणवाडी योजना सुरू झाली आणि यथावकाश गावोगावी वजनकाटा आला. गरोदर बाईचं वजन वाढलं की सेविका खूश, बाळाची रेघ तक्त्यावर वर गेली की आई खूश. काटा वर सरकला की पेढे वाटायचे, एवढंच आपल्याला माहीत. म्हणून ते वाक्य आपल्या तोंडी इतकं सहज येतं. पण पोट भरल्याच्या आनंदाचं टोमण्यात रूपांतर कधी झालं, ते आपल्याला कळलंच नाही. सून जाड झाली की “आयतं खाते” आणि बारीक झाली की “आमचं नाव घालवते”. बाईच्या अंगाला बरोबर असं माप कुणी ठेवलेलंच नाही.

परदेशात गेलेल्या बाईला तर दोन्हीकडून बघणारे डोळे. याचं आमच्या डोळ्यांसमोरचं पहिलं उदाहरण आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंचा जन्म 1865चा, कल्याणचा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षाच्या सुमाराला झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं. त्यातून डॉक्टर व्हायचं त्यांनी मनावर घेतलं. त्यांना शेरे ऐकायला अमेरिकेत जावं लागलं नाही, ते इथंच सुरू झाले. 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीत भाषण केलं. त्यात त्यांनी स्वतः सांगितलं की शाळेत पायी जाताना लोक भोवती जमायचे, हसायचे, ओसरीवर बसलेली प्रतिष्ठित माणसं नको ते बोलायची, खडे मारायची, दुकानदार थुंकायचे. सतरा वर्षांची पोर शेकडो लोकांसमोर हे न रडता सांगते, हे आम्हाला त्या भाषणातलं सगळ्यात मोठं वाटतं. वाद नंतर घालता येतो, आधी घडलं ते घडलं म्हणून सांगायला धाडस लागतं.

त्याच वर्षी 7 एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या, नवरा बरोबर नव्हता. जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर बाईंनी त्यांना घरी ठेवून घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी मानत. मग फिलाडेल्फियाचं बायकांचं मेडिकल कॉलेज, आणि तिथली थंडी.

आपला धर्म, पेहराव आणि शाकाहार सोडणार नाही, असं सांगून त्या गेल्या होत्या. घरी नेसायचं ते नऊवारी. पण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि फिलाडेल्फियात बर्फ पडतं. खोलीतली शेगडी धड पेटायची नाही, धूर व्हायचा. अभ्यास करून परत स्वतःचं शाकाहारी जेवण स्वतःच रांधायचं. शेवटी त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली, म्हणजे पाय झाकले जातील. गोष्ट एवढीशी. पण ती गोपाळरावांना पत्रानं समजावून सांगावी लागली. गोपाळरावांचं ऋण मोठं, बायकोला शिकवण्यासाठी त्यांनी जग अंगावर घेतलं, ते आम्ही नाकारत नाही. पण त्यांची पत्रं कधी धीर देणारी असत आणि कधी चांगली टोचणारी. साता समुद्रांपलीकडून टपाल यायला कित्येक आठवडे लागत, आणि पाकिटात तब्येतीच्या चौकशीबरोबर आरोपही असला, तर परक्या खोलीत ते वाचणाऱ्या बाईचं काय होत असेल? आज ते पाकीट एका सेकंदात पोचतं, फरक तेवढाच.

आनंदीबाईंनी पत्रांना उत्तरं दिली. सविस्तर, कधी दुखावून, कधी ठणकावून. पण पायाला थंडी लागते की नाही, हे त्यांनी ठरवलं, मुंबई-कलकत्त्यातल्या माणसांनी नाही. 1885 साली कॉलेजात काढलेला त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यांच्याबरोबर जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली त्यांच्या देशी वेशात. तिघीही घरापासून दूर, आणि तिघींच्याही अंगावर आपापला पेहराव. त्या फोटोत आनंदीबाई आजारी आहेत की बऱ्या, हे आम्हाला तरी ओळखता येत नाही.

11 मार्च 1886 रोजी त्यांना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूकही ठरली. पण क्षयानं शरीर पोखरलं होतं. त्या परत आल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी नव्हती.

डोळ्यांनी बघून माणसाची तब्येत ओळखता येत नाही, याचा पुरावा पुण्यातच आहे. के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून आया आणि बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा खूप हलकी, पण त्या मानानं अंगात चरबी राखून असलेली निघाली. पुढं 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा फोटो छापला. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा दोघांचा सारखाच, 22.3. पण अंगातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. डॉक्टरांनाही आतलं कळायला यंत्र लागलं, आणि आम्ही फोनच्या चार बोटांच्या पडद्यावरून निदान करून मोकळ्या झालो होतो.

ताईंच्या लेकीला आम्ही नंतर विचारलं, तिकडं कुणी असं बोलत नाही का? ती म्हणाली, कामावरचे शक्यतो नाही. डॉक्टरीणबाई मात्र तोंडावर सांगते, वजन इतकं वाढलंय. “पण ती आधी झोप विचारते, गोळ्या विचारते, दुखतंय का विचारते. म्हणून झोंबत नाही.” आणि आता नातलगांसाठी तिनं एकच वाक्य ठरवून ठेवलंय, “गोळ्यांमुळं आहे, त्यावर नको बोलूया, दुसरं सांगा.” सुरुवातीला म्हणताना जीभ अडखळायची, असं म्हणाली. चुलत्यांना तीन वेळा म्हणावं लागलं. एक आत्या तरीही रुसल्या.

दिवाळीनंतरच्या बैठकीत तिचा फोन आला. आवाजाचाच. आम्ही सगळ्या गप्प, काय बोलावं कळेना. बहात्तरची खडी फोडलेल्या आमच्या आजी पुढं सरकल्या आणि म्हणाल्या, “पोरी, तिथं ज्वारीचं पीठ मिळतं का गं?” पलीकडून हसू आलं. मिळतं, पण भाकरी फुटते म्हणाली. “दाखव बघू,” आजी म्हणाल्या. पडद्यावर आधी गॅस दिसला, मग तवा, मग कडेनं चिरलेली भाकरी, आणि शेवटी कोपऱ्यात तिचं अर्धं तोंड. आजींनी भाकरीकडंच बघून सांगितलं, “पाणी कडकडीत घे की. गार पाण्यात कुठं भाकरी होते?”