मृत्यूची ओहोटी

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाचे धान्याचे कोठार भुकेलेल्यांसाठी खुले केले, ही कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कमलनगर हे त्याच बिदरच्या मुलखातले गाव. अवर्षण आले की माणसे मरावयाचीच. एखादा दामाजी भेटला तर वाचतील, अशी तेव्हाची समजूत होती.

विसाव्या शतकाच्या आरंभीही स्थिती फारशी पालटली नव्हती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने देशात एक कोटीहून अधिक बळी घेतले. १९२१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षाही कमी भरली. त्या दशकात हजारी सुमारे ४७ माणसे दरसाल मरत आणि सरासरी आयुर्मान जेमतेम वीस वर्षांचे होते. म्हणजे म्हातारी माणसे नव्हती असे नव्हे. पाळणेच फार रिकामे होत.

१९२१ नंतर मात्र ही भरती ओसरू लागली. रेल्वेने धान्य हलू लागले, देवीची लस खेडोपाडी पोचली. तरी १९४३ मध्ये बंगालात लाखो लोक भुकेने मेले, हे विसरता येत नाही. हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात असतात, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेस, निजामाच्याच राज्यात, दाखवून दिले; परंतु देशव्यापी हिवताप नियंत्रण योजना सुरू व्हावयास १९५३ साल उजाडले. ज्ञान आणि खेडे यांमधील ते अंतर छप्पन्न वर्षांचे होते!

पुढे १९७१ मध्ये मृत्यूचे प्रमाण हजारी १५ च्या आसपास आले आणि २०१९ मध्ये ते ६ झाले. त्याचे काही श्रेय देशातील तरुणांच्या मोठ्या संख्येलाही आहे. म्हणून खरी कसोटी अर्भकांची. जन्मलेल्या हजार बालकांपैकी १९७१ मध्ये १२९ पहिल्या वर्षातच दगावत. २०१९ मध्ये ३०. त्याच साली महाराष्ट्रात हा आकडा १७, कर्नाटकात २१, तर केरळात अवघा ६ होता.

बाळाच्या कपाळी सटवाई आयुष्य लिहिते, असे मानणारा हा मुलूख. परंतु केरळात ६ आणि मध्य प्रदेशात ४६ असा निराळा लेख ती कशाला लिहील? स्वच्छ पाणी, शिकलेली आई आणि वेळेवर टोचलेली लस यांनीच तो लेख बदलतो. आणि जेथे तो बदललेला नाही, तेथे दोष दैवाला देता येत नाही.